बाबांनी निवडलेलं जहाज

आमच्या घरात सुट्टीला कुठे जायचं ते बाबाच ठरवत. ते केंद्र सरकारच्या नोकरीत होते आणि काही वर्षांतून एकदा मिळणाऱ्या एलटीसीच्या सरकारी प्रवासखर्चावर त्यांनी आम्हाला दार्जिलिंगपासून कन्याकुमारीपर्यंत हिंडवून आणलं. स्लीपरचा डबा, होल्डॉल, आईने बांधून घेतलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. भावाला खिडकी आणि मला वरचा बर्थ, हेही बाबांनीच ठरवलेलं. या सहलींमध्ये समुद्र दोनदा आला. दोन्ही वेळा आई, मी आणि भाऊ पाण्यात गेलो आणि बाबा आमच्या चपला राखत वाळूवर उभे राहिले. कुणीतरी चपला राखायलाच हव्यात, एवढंच मला तेव्हा वाटलं होतं.

बाबा निवृत्त झाले, सरकारी क्वार्टर सोडावं लागलं आणि आईबाबा दिल्लीतल्या द्वारकेच्या एका सोसायटीत राहायला आले. मी नवऱ्याबरोबर आणि मुलाबरोबर शेजारच्याच सेक्टरमध्ये होते. धाकटा भाऊ मात्र नोएडाला, यमुनेच्या पलीकडे. सगळीकडे काचेची ऑफिसं उभी राहत होती त्या वर्षांत त्याला तिथल्या एका कंपनीत नोकरी लागली, आणि सरकारी नोकरी नाही म्हणून सुरुवातीला नाराज असलेले बाबा दोनेक वर्षांत शेजाऱ्यांना ‘आमचा मुलगा सॉफ्टवेअरमध्ये आहे’ असं आपणहून सांगायला लागले. त्याची उंच सोसायटी, तिच्यात पोहण्याचा तलाव, खाली मुलांसाठी घसरगुंड्या. दर रविवारी तो बायको-मुलीला घेऊन द्वारकेला जेवायला यायचा. त्याची मुलगी, माझी भाची, तेव्हा नुकती पहिलीत गेली होती.

अशाच एका रविवारी, होळीच्या सुमारास, त्याने जेवणाच्या टेबलावरची ताटं बाजूला सरकवली आणि ऑफिसातून छापून आणलेले रंगीत कागद पसरले. प्रत्येकावर एक पांढरंशुभ्र जहाज.

“या वेळी मी नेणार,” तो म्हणाला. “सगळ्यांना. पुढच्या मार्चमध्ये, मुलांच्या परीक्षा झाल्या की.”

“बोटीने?” आईने विचारलं.

“बोट नाही गं, क्रूझ. तरंगतं हॉटेल समज.”

त्याचं म्हणणं साधं होतं. आईचे गुडघे दुखतात, म्हणजे डोंगर नको. माझ्या मुलाला एका जागी बसवत नाही, म्हणजे देवळं-किल्ले नकोत. गोव्याला गेलो तर रोज कुठे जेवायचं यावरून भांडणं. जहाजावर एकदा बॅग उघडली की संपलं. आईने खुर्चीत बसावं, मुलांनी पाण्यात डुंबावं, ज्याला जे हवं ते खावं, आणि रात्री सगळे एका टेबलावर.

“आणि मी काय करायचं?” बाबा म्हणाले. “चारी बाजूंना पाणीच ना? त्यात बघायचं काय?”

तेवढ्यात डोक्यावरून विमान गेलं. द्वारका विमानतळाला लागूनच, तिथे विमान आलं की माणसं बोलणं जिथल्या तिथे थांबवतात आणि आवाज विरला की तिथूनच पुढे सुरू करतात. त्या दिवशी विमान गेलं तरी बाबा पुढे काही बोलले नाहीत. उठून हात धुवायला गेले.

पुढचे कितीतरी रविवार जहाजांवरून वाद झाले, आणि आता आठवलं की वाटतं, आमच्या घरातले सगळ्यात मजेचे वाद ते. माझा नवरा लक्षद्वीपच्या जहाजाच्या बाजूने, कारण पासपोर्ट-व्हिसाची भानगड नाही. भावजयीला सिंगापूरहून सुटणारं हवं होतं. तिने आयुष्यात परदेश पाहिला नव्हता. मुलांनी घसरगुंडी असलेलं सगळ्यात मोठं जहाज धरलं होतं, ते जात कुठे होतं याच्याशी त्यांना काही घेणं नव्हतं. आईला कुठलंही चालणार होतं, फक्त खोलीला खिडकी हवी होती.

“आजवर माझ्या प्रत्येक स्वयंपाकघराची खिडकी मागच्या गल्लीत उघडली,” ती म्हणाली. “एक खिडकी समुद्रात उघडू दे की.”

भावाने तिथल्या तिथे कागदावर पेनाने खिडकीभोवती गोल काढला. “बिल्कुल. आईची खिडकी फायनल.”

बाबा तेवढे बधत नव्हते. तुम्ही जा, मी घर सांभाळतो, एवढंच म्हणत. भाऊ चिडला की म्हणायचा, “बाबा, तुम्ही नाही तर कुणीच नाही. चलो, कॅन्सल.” आणि पुढच्या रविवारी नवीन कागद घेऊन हजर.

मे महिन्यात आम्ही सगळे त्याच्याकडे नोएडाला गेलो होतो. ऊन उतरल्यावर भाऊ भाचीला घेऊन तलावात शिरला. लहान असताना बाबांनीच त्याला सरकारी तलावावर पोहायला शिकायला घातलं होतं. रोज सकाळी सायकलवर मागे बसवून नेत. तो मासोळीसारखा पोहायचा. आम्ही काठावर बसलो होतो. त्याने पाण्यातूनच हाक मारली, “बाबा, पाय तरी बुडवा.”

बाबा उठले नाहीत. जरा वेळाने, माझ्याकडे न बघता, म्हणाले, “मले पोहता येत नाही.”

हळवे झाले की बाबांची वऱ्हाडी बाहेर यायची. एरवी तीस-पस्तीस वर्षांच्या दिल्लीने ती पार झाकून टाकली होती.

“गावातली सारी पोरं विहिरीत शिकली,” ते म्हणाले. “पाठीला भोपळा बांधायचा अन् उडी टाकायची. आमच्या पोराईले विहिरीजवळ येऊ देत नव्हते. आमची सावली पडली तरी बोंबाबोंब. आम्ही दुरून बघायचो. धप्पकन आवाज यायचा अन् मग हसणं. मले वाटायचं, पाण्यात काय असं हसण्यासारखं असते?”

अकोल्याकडचं ते गाव, ती विहीर, आम्हाला त्यांनी कधी सांगितली नव्हती. आम्हाला त्यांनी शाळा, शिष्यवृत्ती आणि स्पर्धा परीक्षा तेवढ्या सांगितल्या. भाऊ पाण्यात कडेला येऊन उभा होता. त्याने ऐकलं होतं. भाचीला बाहेर काढून तिच्या आईकडे दिलं, वर आला, आणि बाबांच्या समोर ओलाच उकिडवा बसला.

“माझी एक जास्तीची चड्डी आहे,” तो म्हणाला. “चला.”

“वेडा आहेस का? या वयात?”

“पाणी छातीएवढं आहे फक्त. मी धरतो.”

बाबा आमच्याकडे बघत होते. बहुतेक आई नको म्हणेल अशी आशा होती. आई म्हणाली, “जा की. मी चपला बघते.”

बाबा पायरीपायरीने पाण्यात उतरले तेव्हा त्यांचे हात भावाने दोन्ही मुठींत घट्ट धरले होते. पाणी कमरेला लागलं तसा त्यांचा श्वास वर गेला. मग ते तसेच उभे राहिले, बराच वेळ, डोळे मिटून. आणि मग हसले. एवढं मोठ्याने की तलावातली दुसरी मुलं वळून बघायला लागली. मी त्यांना असं हसताना पहिल्यांदा पाहिलं आणि माझ्या भावाने तोंड दुसरीकडे फिरवलं.

त्या उन्हाळ्यात रविवार उलटे झाले. आईबाबाच नोएडाला जाऊ लागले. थंडीसाठी तलाव बंद होईस्तोवर बाबांना कडेला धरून पाय मारता यायला लागले होते, आणि एकदा तर म्हणे दोन हात सोडून ते क्षणभर तरंगले. भाचीने मला फोन करून ती बातमी दिली.

जहाजाचं मग काही अवघड राहिलं नाही. सिंगापूरचं ठरलं. आईबाबांचे पासपोर्ट काढले. पोलीस पडताळणीला आला तेव्हा आईने त्याला चहा-पोहे दिले आणि आपण बोटीने जाणार आहोत हेही सांगून टाकलं. भावाने एका ट्रॅव्हल एजंटला गाठून जागा धरून ठेवल्या. कुठल्या केबिन घ्यायच्या, कुठल्या मजल्यावर, तेवढं नवीन वर्षात पक्कं करायचं होतं. स्वतःचा मोबाइल मीटिंगमध्ये लागत नाही म्हणून त्याने एजंटला द्वारकेच्या घरचा नंबरही देऊन ठेवला होता.

जानेवारीत धुकं पडलं. दिल्लीचं धुकं आम्हाला नवीन नव्हतं. समोरची सोसायटी दिसेनाशी होते, गाड्या दिवसाढवळ्या दिवे लावून सरपटतात. त्या सकाळी भाऊ लवकर निघाला होता, ऑफिसात परदेशी पाहुणे यायचे होते. एक्स्प्रेसवेवर एक ट्रक बंद पडून उभा होता. त्याच्यावर एक गाडी आदळली, तिच्यावर दुसरी, मग तिसरी. माझ्या भावाची गाडी मधे होती.

फोन मला आला. भावजयीने केला होता, पण बोलत होती तिची शेजारीण. आम्ही द्वारकेहून निघालो आणि त्याच धुक्यातून यमुना ओलांडली. बाबा पुढच्या सीटवर ताठ बसले होते आणि माझ्या नवऱ्याला सारखं म्हणत होते, “सावकाश चालव. घाई नको. सावकाश.” आम्ही पोचलो तेव्हा घाई करण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

त्यानंतरच्या दिवसांचं मला सलग काही आठवत नाही. पुण्यानुमोदनाला जुन्या कॉलनीतली माणसं आली होती, ज्यांनी त्याला निकरमध्ये क्रिकेट खेळताना पाहिलं होतं. त्रिशरण म्हणताना आईचा आवाज मधेच थांबला आणि मग सगळ्यांचाच थांबला. भावजय आणि भाची द्वारकेला आमच्या आईबाबांकडे राहायला आल्या. भावजय उठायची, मुलीचा डबा करायची, भांडी घासायची. रडायची नाही. बाबाही रडले नाहीत. आणि ‘गेला’ हा शब्द त्यांनी एकदाही उच्चारला नाही. कुणी भेटायला आलं की मान हलवत आणि पाणी आणायला आत जात.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी मी त्यांच्याकडे गेले. दार लोटलेलंच होतं. बाबा फोनजवळ खुर्ची घेऊन बसले होते आणि हिंदीत बोलत होते.

“और जो आठवीं मंज़िल पर है, उसमें खिड़की खुलती है या बंद काँच है? … अच्छा. मेरी मिसेज़ को हवा चाहिए… नहीं, बच्चों के लिए रेलिंग की ऊँचाई बताइए पहले।”

मी दारातच थांबले. ते म्हणत होते, “बेटा? हाँ, ठीक है. बाहर गया है ज़रा. काम बहुत रहता है उसको. आप मुझे ही बताइए, मैं बता दूँगा।”

फोन ठेवल्यावर त्यांनी मला पाहिलं.

“एजंटला माहीत नाही,” ते म्हणाले. “पहिल्यांदा फोन आला तेव्हा सांगणार होतो. तो म्हणाला, ‘सर का फ़ोन बंद आ रहा है, कैसे हैं सर?’ माझ्या तोंडातून निघालं, मजे में है.” ते टेबलावरचा कागद उगाच सरळ करत राहिले. “सगळ्या दुनियेला माहीत आहे गं. एकच माणूस आहे, जो विचारतो, कसा आहे म्हणून.”

मी आत गेले. आई ओट्याशी मेथी निवडत होती.

“आई, बाबा—”

“माहीत आहे मला,” ती मान वर न करता म्हणाली. “दोन-तीन दिवसांनी येतो त्याचा फोन. आला नाही तर हे लावतात.”

“आणि तू काही बोलत नाहीस?”

“काय बोलू? तेवढा वेळ त्यांचा आवाज पूर्वीसारखा असतो. मीही ऐकत बसते इथून.”

हे असं किती दिवस चाललं असतं ठाऊक नाही. घरी मी नवऱ्याला सांगितलं, तो म्हणाला, मी बोलू का एजंटशी? मी नको म्हटलं. मलाच धीर झाला नाही. बाबांनी तोवर जहाजाचा सगळा नकाशा पाठ केला होता. जेवणाचा हॉल कुठे, डॉक्टर कुठे, लिफ्टपासून कुठली खोली जवळ म्हणजे आईला चालावं लागणार नाही. ज्यांनी ‘पाण्यात बघायचं काय’ म्हटलं होतं, ते आता एकटेच आमच्या आठ जणांची सोय लावत होते.

मग एके दिवशी फोन भावजयीने उचलला. मी तिथेच होते, भाचीच्या वेण्या घालत होते. रिसीव्हरमधला आवाज मोठा होता, मलाही ऐकू येत होता. “मैडम, अंकलजी ने जो बोला था, दोनों केबिन साथ-साथ मिल गए हैं. सर को बता दीजिएगा, बहुत ख़ुश होंगे।”

भावजय ऐकत राहिली. “जी,” एवढंच म्हणाली आणि रिसीव्हर टेबलावर ठेवला, फोन चालूच. बाबा बाल्कनीतून आत आले होते. त्यांना कळलं काय झालं ते. ते गुन्हेगारासारखे दारात उभे राहिले.

मला वाटलं ती भडकेल. तिला तो हक्क होता. पण तिने फार हळू विचारलं, “बाबा, त्याच्यासाठी कुठली खोली घेतलीत?”

“आमच्या शेजारची,” बाबा म्हणाले. “दोन्हींच्या मधे दार आहे म्हणे. उघडं ठेवता येतं.”

तेव्हा ती रडली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा, जमिनीवर बसून, तोंडावर हात न घेता. भाची घाबरून मला बिलगली. आई धावत बाहेर आली, ओल्या हातांनीच तिला कवेत घेतलं. रिसीव्हरमधून तो बिचारा “हॅलो, हॅलो मैडम” करत होता.

बाबांनी रिसीव्हर उचलला. खुर्चीवर बसले नाहीत, उभेच राहिले, एक हात भिंतीला टेकवून.

“सुनिए,” ते म्हणाले. मग थांबले. त्या दिवशी विमानही गेलं नाही. “मेरा बेटा नहीं रहा. जनवरी में… हाँ. मैंने आपसे झूठ बोला।”

मग बाबाच बोलायला लागले, त्या माणसाची समजूत काढत. “नहीं नहीं, आपकी क्या ग़लती. आपको कैसे पता होता. आप रोइए मत. आपने बहुत अच्छा जहाज़ दिखाया हमको।”

फोन ठेवला आणि ते आईच्या आणि भावजयीच्या शेजारी खाली जमिनीवर बसले. त्यांना मांडी घालायला त्रास व्हायचा, तरी बसले. आणि मग ‘माझा पोरगा गेला’ असं त्यांनी मराठीत म्हटलं, एकदा, आणि पुन्हा एकदा.

आम्ही कुठेच गेलो नाही, ना त्या मार्चमध्ये, ना नंतर. भावजयीने शैक्षणिक वर्ष संपल्यावर नोएडाचं घर सोडलं आणि मुलीला घेऊन नागपूरला आईवडिलांकडे गेली. तिथे तिला एका शाळेत नोकरी मिळाली. जाताना ती मला म्हणाली, “ताई, इथे धुकं पडलं की मला श्वास घेता येत नाही. आईबाबांना समजवा.” समजवायची गरज नव्हती. आईने स्वतःच तिच्या बॅगा भरून दिल्या. सुरुवातीला ती प्रत्येक सुट्टीत यायची, मग एकाआड एक, मग भाचीच तेवढी.

भाची नववीत असताना उन्हाळ्यात महिनाभर द्वारकेला होती. उंच झाली होती, आमच्यापेक्षा चांगलं मराठी बोलत होती; माझा मुलगा तिच्यासमोर हिंदीच बोलायचा, लाजून. एका दुपारी ती माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, “आत्या, एक विचारू? हसू नकोस. मला बाबांचा चेहरा फोटोंमुळे आठवतो. पण आवाज आठवत नाही. कसा होता?”

मी आठवायला गेले. तो मला ‘ताई’ कसा म्हणायचा, शेवटचं अक्षर ओढत, ते माझ्या कानात स्वच्छ आहे. पण ते तिला द्यायचं कसं? मी तोंड उघडलं, तसं म्हणून बघणार होते, आणि जमलं नाही.

“जरा तुझ्या आजोबांसारखा,” मी म्हणाले. “थोडा पातळ.”

बाहेरच्या खोलीत बाबा सोसायटीच्या सेक्रेटरीशी लिफ्टवरून हुज्जत घालत होते. ती उठली, दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली आणि बाबा काय बोलतायत याकडे लक्ष न देता नुसता त्यांचा आवाज ऐकत राहिली. सेक्रेटरी निघून गेला तेव्हा ती त्यांना म्हणाली, “आबा, अजून बोला ना काहीतरी.”

“काय बोलू?” बाबांनी विचारलं.

“काहीही,” ती म्हणाली.